अस्तरातला खिसा

दादा,

आज तुझ्या पंधरा वर्षांच्या भाचीच्या जाकिटाची चेन बदलायला घेतली, तर अस्तरात चोरखिसा. आत दोन सिगारेटी आणि कसल्याशा गोळ्यांची अर्धी पट्टी. टाके इतके सुबक, की बघतच राहिले. मीच शिकवलेले. जन्म गेला लोकांचे कपडे शिवण्यात आणि पोटच्या पोरीचा खिसा कळला नाही.

शाळेतून आल्यावर सगळं तिच्यापुढे ठेवलं. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "मामासारखं मलाही घराबाहेर काढणार का?"

या घरात तुझा विषय कुणी काढत नाही. कशीबशी म्हणाले, "नाही गं. बस इथे. कधीपासून, एवढंच सांग." मग रडत रडत सगळं बोलली. उद्या दोघी डॉक्टरकडे जाणार आहोत.

एक मात्र मला तिला सांगता आलं नाही. तुझ्या सिगारेटचं बाबांना मीच सांगितलं होतं. वाटलं, फार तर दोन थपडा बसतील. तू गेलास तो गेलासच.

तो खिसा मी उसवलेला नाही. तुझा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र त्यातच ठेवतेय. तिला सापडेल.

तुझी चुगलखोर बहीण