सातबाऱ्यावरचा भुजंग

मी, आदिनाथ दिगंबरराव मोगरे, वय ४६ वर्षे, शिक्षण बी.ए., धंदा शेती, राहणार मौजे रायखेडा, तालुका सेलू, जिल्हा परभणी, माझी बुद्धी ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दोन वर्षांपूर्वी एका कागदावर मी सही केली तेव्हा असा दाखला कोणी मागितला नव्हता. मागायला हवा होता. तो प्रकार कलम ४ मध्ये येईल.

मला कोणताही मोठा आजार नाही. मी अविवाहित आहे, आईवडील वारले आहेत, घरात एकटा राहतो. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. वडिलांनी बांधलेले चार खोल्यांचे स्लॅबचे घर, पुढची ओसरी व मागची विहीर यांसह, माझी बहीण राजेश्री, राहणार पालम, हिला मिळावे. मागच्या दाराची कडी आधी वर उचलावी आणि मग ओढावी. नुसती ओढली तर दार आतून कोणीतरी लावल्यासारखे वाटते. मला स्वतःला पुष्कळदा तसे वाटले आहे.

२. खुर्च्या. ओसरीवर बारा लाकडी खुर्च्या आहेत. आजोबा अनंतराव यांच्या काळात त्या रिकाम्या नसत. निवडणुकीचा पहिला नारळ आमच्या दारात फुटे आणि तलाठी दप्तर घेऊन इथेच येत. आता सातबाऱ्यासाठी मी सेलूला सेतू केंद्रात रांगेत उभा राहतो. त्यात गैर काही नाही; इतर लोक आधीपासून उभे होतेच. मागच्या निवडणुकीत प्रचाराची गाडी आमच्या घरावरून न थांबता गेली. मी सदरा बदलून बसलो होतो. हे मृत्युपत्रात लिहिण्याची गरज नाही, पण सदरा बदलला होता हे खरे आहे.

ग्रामपंचायतीला मी एकदा उभा राहिलो. आमच्या वॉर्डात भावकीचीच त्रेसष्ट मते होती, मला एक्केचाळीस पडली. उरलेले बावीस कोण, हे शोधण्यात डायरीची अकरा पाने गेली. ती पाने मी फाडली आहेत. एक्केचाळीस कोण, हे शोधायचे मात्र मला कधी सुचले नाही.

अकरा खुर्च्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला द्याव्यात. बारावी माणिकराव वाकळे यांना. ते पन्नास वर्षे आमच्याकडे येतात आणि आजही पायरीवर बसतात. मी "वर बसा" म्हणतो, पण खुर्ची पुढे कधी ओढली नाही.

३. जमीन. माझ्या नावावर गट क्रमांक ११२ मध्ये अकरा एकर वीस गुंठे जमीन आहे. वडील वारल्यावर वर्षाच्या आत मी राजेश्रीला पालमहून एसटीने सेलूला आणले आणि तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले. सगळ्यांच्या बहिणी करून देतात, म्हणून मीही मागितले. तिने न वाचता सही केली. मी तिला साडी घेतली. रंग तिने निवडला नाही, मीच निवडला.

यातील अर्धी जमीन राजेश्रीला मिळावी. हे दान नाही. तिचे होते ते मी घेतले होते, ते परत करतो. उरलेली अर्धी तिची मुलगी अर्पिता हिला. अर्पिताला कोणीही, कोणत्याही कारणाने हक्कसोडपत्रासाठी नेऊ नये. अशी अट घालता येते का, हे वकिलांना नीट सांगता आले नाही. तरी लिहितो.

४. गट क्रमांक ११८, क्षेत्र चार एकर. याला गावात "भुजंगाचं रान" म्हणतात.

एका घराने किती एकर जमीन ठेवावी यावर सीलिंगच्या कायद्याने मर्यादा आली, तेव्हा आमची काही जमीन जादा ठरत होती. ती सरकारजमा होऊन गावातल्या भूमिहीनांना मिळायची होती. त्या यादीत पहिले नाव सिद्धोधन धापसे याच्या आजोबांचे होते. माझ्या आजोबांनी बरीच जमीन नातेवाइकांच्या नावावर चढवली. चार एकर उरले आणि नाव सुचेना. तलाठी ओसरीवर चहा पीत होते. समोर गोठ्यात आमचा बैल भुजंग उभा होता. आजोबांनी त्याच्याकडे पाहिले आणि कागदावर "भुजंग बळीराम मोगरे" असे नाव आले. बळीराम हे आजोबांच्या वडिलांचे नाव. आजोबांना असा एक सख्खा भाऊ मिळाला.

भुजंग पुढे दोन वर्षांनी मेला. त्याच रानाच्या बांधावर, बाभळीखाली त्याला पुरले आहे. गावातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होते. कागदाला तेवढे ठाऊक नव्हते. लहानपणी ही गोष्ट ऐकून मी पोट धरून हसत असे. सिद्धोधनचे घर त्या रानात तेव्हापासून बटईने राबत आहे, हे मी त्या हसण्याशी फार उशिरा जोडले.

सातबारे कॉम्प्युटरवर आले आणि भुजंगाला वारस लागला पाहिजे अशी नोटीस आली. माझा चुलतभाऊ महारुद्र माझ्याकडे आला. तो येऊन खुर्चीवर बसला. त्या आधी आठ महिने त्या खुर्च्यांवर कोणी बसले नव्हते; ही नोंद माझ्या डायरीत आहे. त्याने प्रतिज्ञापत्र पुढे ठेवले. भुजंगराव हे आमचे चुलत आजोबा होते आणि आम्ही दोघे त्यांचे वारस आहोत, असे त्यात होते. मी म्हणालो, हे खोटे आहे. तो म्हणाला,

"दादा, तुझ्या सहीबिगर आपल्या घराचं आजवर काय झालंय का?"

मी सही केली. जमिनीसाठी केली असती तर निदान कारण सांगता आले असते. मी त्या वाक्यासाठी केली, आणि तो आणखी थोडा वेळ बसावा म्हणून केली. तो चहा संपेपर्यंत बसला. त्यानंतर आलेला नाही. महारुद्रवर माझा राग आहे असे मी वर्षभर समजत होतो. तपासून पाहिले तेव्हा दिसले की मी त्याची वाट पाहत होतो.

त्या प्रतिज्ञापत्रावरून वारसनोंदीसाठी जो पंचनामा झाला, त्यात "भुजंगराव अविवाहित व निपुत्रिक वारले" असे वाक्य आहे. त्या कागदावर तेवढे एकच वाक्य खरे आहे.

राजेश्रीला हे कळले तेव्हा तिने फोन केला. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली,

"सातबाऱ्यावर बैल हाय, आदी. मी न्हाई."

त्यानंतरच्या दोन्ही भाऊबीजांना ती आली नाही. कलम ३ त्या वाक्यामुळे लिहिले गेले. आधी सुचायला हवे होते.

आता प्रश्न असा की ११८ मधला माझा अर्धा हिस्सा कोणाला द्यावा. मी तो सिद्धोधनच्या नावे लिहिला आणि त्याला वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाला,

"हे खोडा, आदिनाथराव. तुमच्या सहीनं आलेलं रान उद्या महारुद्ररावांच्या सहीनं जाईल. आमच्या आज्याचं नाव यादीत हाय. त्या यादीनं आलं तर येऊ द्या."

मी म्हणालो, खरे सांगितले तर रान सरकारजमा होईल, तुझ्या हातचेही जाईल, आणि परत कधी मिळेल याचा भरवसा नाही.

तो म्हणाला, "पन्नास वर्सं वाट बघायलाव. तुमी नुसतं बैलाला बैल म्हना. म्होरचं आमी बघू."

त्याप्रमाणे तो मजकूर मी खोडला आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. गट क्रमांक ११८ मी कोणालाही देत नाही, कारण तो माझा नाही. भुजंग बळीराम मोगरे या नावाचा माणूस आमच्या घरात कधीही जन्मला नाही. माझे प्रतिज्ञापत्र खोटे आहे.

हे लिहून झाल्यावर चार दिवस मी हा कागद कपाटात ठेवला. मग लक्षात आले की मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. म्हणजे खरे बोलायचे मी ठरवले होते, पण ऐकायला आपण नसू अशा बेताने. म्हणून या कागदावर साक्षीदारांच्या सह्या झाल्या की दुसऱ्याच सकाळच्या एसटीने सेलूला जाऊन कलम ४ ची नक्कल, सहीनिशी, तहसील कार्यालयात मी स्वतः देणार आहे. खोट्या प्रतिज्ञापत्राची जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. रांग असेल तर रांगेत उभा राहीन.

५. किरकोळ. माझ्या तेवीस डायऱ्या अर्पिताला. वाचल्याच पाहिजेत असे नाही. भुजंगाची घागरमाळ देवघराच्या खालच्या फळीवर आहे, ती माणिकरावांना. महारुद्रसाठी काही ठेवलेले नाही. तो आला तर त्याला चहा मात्र करावा.

या कागदाला दोन साक्षीदार मिळण्यास सोळा दिवस लागले. आजोबांच्या वेळी ओसरीवरून नुसती हाक मारली की दहा अंगठे येत. मी सहा घरी गेलो. कोणाला लग्नाला जायचे होते, कोणाचा चष्मा सापडत नव्हता. सिद्धोधन तयार होता, पण या प्रकरणात त्याचे हित गुंतलेले असल्याने मीच नको म्हणालो. तो सह्या होईपर्यंत बाहेर ओसरीवर थांबला आहे. मी त्याला खुर्ची ओढून दिली.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. कमी पडले असेल ते माझ्या समजुतीत कमी असेल, लपवलेले काही नाही.

ठिकाण: रायखेडा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही
आदिनाथ दिगंबरराव मोगरे

साक्षीदार १: नागेश विठ्ठल कटारे, वय ३१, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरचे काम. सही.

साक्षीदार २: माणिकराव सखाराम वाकळे, वय ६९, निवृत्त कोतवाल. त्यांना एक खुर्ची व घागरमाळ मिळत असली तरी साक्षीला हरकत नाही, असे वकिलांनी सांगितले. आपले म्हणणे आपल्याच शब्दांत लिहिले तरच सही करीन, असे ते म्हणाले. ते बाराव्या खुर्चीवर बसून बोलले, ते असे:

"अनंतराव मालकाकडं मी सालगडी हुतो. भुजंगाला रोज हिरीवर मीच पानी पाजलंय. तांबडा हुता, डाव्या शिंगाचा टवका उडालेला. मरताना त्याचं डोकं माझ्या मांडीवर हुतं. त्यो कुनाचा भाऊ न्हवता, आजा न्हवता. बैल हुता, लय गुनी. रान त्यानं मागितलं न्हवतं."

सही.