आडवं बोट

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
६ जुलै १९७५

ती. अण्णास,
दाक्षायणीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि वहिनींच्या शेवया पोचल्या. एक सांगायचं होतं. पाकिटावर तुम्ही सवयीनं 'सौ.' लिहून मग खोडलं होतं. पोस्टमनला ते दिसलं आणि त्यानं मान खाली घालून पत्र दिलं. पुढच्या वेळी नुसतं दाक्षायणी लिहावं. मला चालेल.

शाळा सुरू झाली. वर्गात शिकवण्यात वेळ जातो. फेब्रुवारीत हे गेले तेव्हापासून यांची गिटार भिंतीला टेकून होती. एक तार तुटली म्हणून सात रस्त्याजवळच्या दुकानात दिली. दुकानदार भला माणूस. त्यानं सगळ्या तारा बदलल्या आणि वाजवणारे लावतात तशा नीट लावून दिल्या. तिथंच घोटाळा झाला.

हे रविवारी सकाळी चहाआधी एक चाल वाजवायचे. स्वतःच बसवलेली, यांच्या ऑर्केस्ट्रात कधी वाजवली नाही. मी समोर बसून बघायची. एक बोट सगळ्या तारांवर आडवं ठेवायचे, कधी गिटारीच्या दांड्यावरच्या पाचव्या पट्टीवर, कधी सातव्या, मग उचलून तारा मोकळ्या सोडायचे. आता मी तसंच करते तर भांडी पडल्यासारखा आवाज येतो.

ऑर्केस्ट्रातले तिप्पण्णा भाऊजी आले होते. त्यांना दाखवलं. म्हणाले, वहिनी, असं नुसतं एक आडवं बोट ठेवून गिटार वाजत नसती, संगप्पाला मी कधी तसं वाजवताना बघितलं नाही, दुःखात माणसाला भलतंच आठवतं. सासूबाईंनी गिटार त्यांना द्यायचं कबूल केलं आहे. गणपतीचे कार्यक्रम जवळ आलेत, त्यांना गरज आहे. मी श्रावण सरेपर्यंत थांबा म्हटलं. तोवर माझ्या हातून ती चाल निघाली तर गिटार घरात राहील, नाही तर त्यांनी न्यावी. सासूबाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

अण्णा, यांचा फोटो आहे, पण त्यात हे ओठ मिटून बसलेत. मला ती चाल पाहिजे. माझे डोळे चुकलेले नाहीत. तुम्ही भजनात पेटी वाजवता. काय करू ते सांगा.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.

तुमची
दाक्षायणी

॥ श्री कमलाभवानी प्रसन्न ॥

करमाळा
१४ जुलै १९७५

चि. दाक्षायणीस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघ, खाडाखोड नाही. झालेली चूक मनातून काढून टाक.

लहानपणी तुला पेटीचा भाता मारायला बसवलं की तू झोपायचीस, आणि आज सुराचं मला विचारतेस! तुझी वहिनी म्हणते, गल्लीत लोक काय बोलतील त्याचा आधी विचार कर म्हणून लिहा. मी म्हटलं, तूच लिही तिला. मग चुलीकडे वळली. तुला ओळखते की ती.

आता ऐक. गिटार मी कधी हातात धरली नाही, पण डोकं चालवलं. बोट आडवं ठेवलं म्हणजे सगळ्या तारा सारख्याच वर चढतात. मोकळ्या तारा आपसांत जुळत नसतील तर बोटाखाली तरी कशा जुळतील? म्हणजे संगप्पाराव घरी तारा वेगळ्या लावत असणार, तंबोऱ्यासारख्या. तू खोटी नाहीस आणि तिप्पण्णाही खोटा नाही.

आत्ता कुठल्या दोन तारा एकमेकींशी गोड बोलतात ते बघ. त्यांना हलवू नको. तिथं सा आणि प धर आणि बाकीच्या त्यांच्याकडे उतरव. चढवू नको, तुटतील.

जेवत जा. आमची आठवण पातळ होऊ देऊ नको.

तुझा
वीरभद्रअण्णा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
३ ऑगस्ट १९७५

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

तुमचं खरं निघालं. कार्यक्रमाला निघताना हे खुंट्या पिळत बसायचे. मला वाटायचं उगीच उशीर करतात, आणि मी चिडायची. ते त्या वेळी तारा परत ऑर्केस्ट्राच्या करत असणार.

गिटार टांग्यातून शाळेत नेली. मुलं मागे धावली. प्रार्थनेच्या पेटीवर पांढरी दोन दाबली तर चौथी तार तिच्याशी जुळली. तो सा. पाचवीवर खालचा प आपोआप मिळाला. बाकीच्या चारही उतरवून सा किंवा प केल्या. आता आडवं बोट ठेवलं की भांडी पडत नाहीत.

पण हा आवाज देवळात बसल्यासारखा शांत आहे. यांचा तसा नव्हता. तो ऐकून मला आधणात साखर टाकताना हसू यायचं. अजून काहीतरी कमी आहे.

शेजारच्या केसरबाई मोरीवर मोठ्यानं म्हणाल्या, वर्ष व्हायच्या आत बाईला वाजवायचं सुचतंय. सासूबाईंनीही ते ऐकलं. माझी बोटं सोलली आहेत, खडू धरताना झोंबतात. तरी मी सोडणार नाही.

पत्राची वाट बघते. तुमचा आधार आहे, तो असू द्यावा.

तुमची
दाक्षायणी

करमाळा
९ ऑगस्ट १९७५

चि. दाक्षायणीस,
अनेक आशीर्वाद.

घाईत कार्ड टाकतो, दुकानात गिऱ्हाईक आहे. अगं, नुसते सा आणि प लावून बसलीस होय! ती घराची चौकट झाली. ग लाव, म्हणजे घरात माणूस येईल. कुठल्या तारेवर ते मला ठाऊक नाही. एकेक करून बघ. बोटांना खोबरेल लाव. रागावू नको, पण लवकर कळव.

तुझा
अण्णा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
७ सप्टेंबर १९७५

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

सगळ्यात जाड तारेवर ग लावला तर म्हैस हंबरली. पहिलीवर लावला तर नुसती किरकिर. तिसरी तार मी फारच उतरवून ठेवली होती. ती हळूहळू परत चढवत ग पर्यंत आणली आणि सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला. तोच आवाज, अण्णा. मग उठून चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून चाल धरली. मोकळ्या तारा, पाचवी पट्टी, सातवी, परत मोकळ्या. सगळं माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं तसंच होतं.

आज तिप्पण्णा भाऊजी गिटार न्यायला आले. मी त्यांच्यासमोर बसून वाजवली. ते माझ्या बोटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, खरंच की वहिनी, मीच चुकलो. त्यांनी तारा कशा लावल्या ते विचारून घेतलं. पण मी खरं ते सांगितलं. मधे हे झरझर एक तुकडा घ्यायचे, तो मला येत नाही, आणि सगळी चाल माझ्या हातून फार हळू जाते. कबूल केलं होतं तशी पुरी चाल निघालेली नाही. एवढं बोलून मी गिटार पिशवीत घालायला घेतली.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, ही त्याची चाल न्हाय. त्यो लई घाई करायचा, जेवताना बी अन् वाजवताना बी. ही हिची हाय. मग भाऊजींना म्हणाल्या, तिप्पण्णा, चहा पिऊन जा. गिटार दुसरीकडं बघ बाबा, ही आमची सून वाजवती. शेवटचं त्या जरा मोठ्यानंच बोलल्या, गल्लीत ऐकू जाईल असं.

भाऊजी दोन कप चहा प्याले आणि हात हलवत गेले. सासूबाई आत जाऊन भाकरी थापायला लागल्या. मी पिशवीची नाडी परत सोडली. मधला तुकडा बसवायचा आहे, उद्या शाळेतून आले की बसते.

वहिनींना सांगावं, मी जेवते. दोघांचं प्रेम असंच पाठीशी ठेवावं.

तुमची
दाक्षायणी