अप्पांच्या सायकलचं मागचं चाक

९ जानेवारी
जुन्या सायकलींचा नाद असलेले दोघं आले. अप्पांची सायकल अंगणात काढली तर बैलबाजारात आल्यासारखे तिच्याभोवती फिरले — दात बघायचे तेवढे राहिले! यज्ञेश्वरकाका थळच्या कारखान्यातून रिटायर झालेले. दुसरा अलिबागचा हितेश. "ताई, सगळा माल ओरिजिनल!"
माल म्हणे.
अप्पा हिच्यावरूनच शाळेत शिकवायला जायचे. वर्षश्राद्धाला, दोन फेब्रुवारीला, मला ती रेवदंड्याला त्यांच्या शाळेपर्यंत चालवायची आहे. जशी होती तशी. बाकी काही नको.

११ जानेवारी
फोनवर शिवानी म्हणाली, "चांगला पार्ट काढून डुप्लिकेट लावतात. तुला कळणारपण नाही." धाकटी बहीण असून मलाच शिकवते! पण खरंच, मला नाही कळणार. सगळ्या भागांचे फोटो काढून ठेवले. मागच्या चाकाच्या हबवर, म्हणजे आत गिअर असतात त्या मधल्या नळकांड्यावर, साल कोरलंय — ५४.

१५ जानेवारी
काका रॉकेलच्या फडक्याने गंज पुसत होते. मीपण फडकं घेतलं तर म्हणाले, "घासू नको जोरात, बाय. रंगपण त्यांचाच हाय."
हितेशची नजर मात्र मागच्या चाकावर. तीनदा फिरवून पाहिलं. का?

१९ जानेवारी
"गिअर जाम आहेत ताई, घरीच खोलायला लागेल." हितेश मागचं चाक घेऊन गेला. इथे का नाही खोलत? विचारलं नाही. ऐनवेळी माझं तोंडच उघडत नाही.

२४ जानेवारी
हितेश फोन उचलत नाही.

२७ जानेवारी
चाक आलं. लोण्यासारखं फिरतंय. पुसायच्या निमित्ताने वाकून पाहिलं — ५६! नवा फोटो काढून जुन्याशी ताडून पाहिला. ५६च.
"हे आमचं नाही."
हितेशने मान खाली घातली. "चालवून तर बघा, ताई."
एवढंच! तो गेल्यावर दोन्ही फोटो त्यांच्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले; काकांनीच मला त्यात घेतलं होतं. खाली लिहिलं — मेलेल्या माणसाच्या वस्तूवर हात मारणारा. चाळीस जणांनी वाचलं. काकांनी विचारलं, "हितेश, खरं काय रे?" तो ग्रुपमधून बाहेर पडला.
चोरच.

३० जानेवारी
अप्पांचं चाक मागायला अलिबागला गेले. हितेश नव्हता. त्याची बायको अमिषा दारात. "तुमचा हब आतून तडकलेला, ताई. त्याच सालचा दुसरा सगळीकडे शोधला, मिळाला नाही. श्राद्धाच्या तोंडावर ताईंना कशाला सांगायचं, असं हे म्हणाले."
तिच्यामागे पडवीत अप्पांच्यासारखीच एक सायकल, उलटी ठेवलेली. मागचं चाक नाही.