कडूबा ढोबळे यास मिळालेला चिनी लेखनाचा वजीफा रद्द होण्याबाबत

प्रति,
मेहेरबान नाझिमसाहेब,
शिक्षण खाते, हैदराबाद दक्षिण

अर्जदार: बद्रीनाथ माणिकराव अंबेकर, उमर सव्वीस, राहणार जालना, जिल्हा औरंगाबाद

विषय: दरबारी चिनी लेखनाच्या वरच्या अभ्यासाचा एकुलता एक वजीफा भलत्याच इसमास गेल्याबाबत.

संदर्भ: आपल्या कचेरीचे त्याबाबतचे पत्र, ज्यात अर्जदाराचे नाव कोठेही नाही.

महोदय,

१. अर्जदार आणि कडूबा सखाराम ढोबळे या दोघांनी बंगालातील एका विद्यापीठात तीन वर्षे चिनी भाषेचा अभ्यास केला. बोलायची चिनी बाजारात फिरूनही कोणी शिकेल. हे दोघे शिकले ती सरकारी कागदांची, जुन्या वळणाची भाषा, जिच्यात दहा शब्दांचे काम तीन अक्षरांत उरकावे लागते. पुढल्या दोन वर्षांच्या अभ्यासासाठी सरकारने एकालाच वजीफा देऊ केला, आणि शेवटच्या परीक्षेवरून तो कडूबाला दिला. अर्जदार हल्ली जालन्याच्या तहसील कचेरीत नकला करीत बसला आहे.

२. मुळात सदर इसम आष्टीचा. आष्टी परतूर तालुक्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात. वजीफा अवघ्या रियासतीसाठी होता, त्याला जिल्ह्याची अट नव्हती, हे अर्जदारास ठाऊक आहे. तरीही ही बाब हुजुरांच्या नजरेस आणणे त्याला आपले कर्तव्य वाटले.

३. चिनी शिकण्याची कल्पना अर्जदाराची. कोश अर्जदाराचा. कडूबा जालन्यास शाळेत असल्यापासून अर्जदाराच्या घरी राहणारा, "तू एकटा चालला का? करमायचं न्हाई तुला, मी बी येतो," एवढ्याच कारणावरून तो बंगालात आला. अशा माणसाने पुढे जाऊन पहिला नंबर काढावा, याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. त्यात भर म्हणजे अर्जदाराची सख्खी आई तुळजाबाई, जिला चिनीचे एक अक्षर येत नाही, ती दोघांची पाने शेजारी ठेवून म्हणते, "कडूबाचं बघ, पेरलेल्या तासावाणी सरळ. तू काय गिचमिड करून राह्यला?" हे ऐकून अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड होतो. हा हेवा आहे, असे लिहून देण्यास त्याची हरकत नाही.

४. आता परीक्षेचा प्रकार. नदीचा बांध दुरुस्त व्हावा म्हणून सुभेदारास चिनीत अर्ज लिहावा, असा प्रश्न होता. त्या कागदात वरून खाली लिहितात. मोठ्या माणसाचा उल्लेख आला की ओळ अर्ध्यातच सोडायची आणि त्याचे नाव पुढच्या ओळीच्या माथ्यावर लिहायचे. मागे जी कोरी जागा राहते तीच त्याची अदब. अर्जदारास हा नियम पाठ होता. सुभेदार सात वेळा आला आणि अर्जदाराने सातही वेळा ओळ सोडली.

५. परंतु बंगालात जाण्याआधी चार वर्षे अर्जदार कचेरीच्या फाटकाशी बसणाऱ्या लालमियाँ अर्जनवीसांच्या हाताखाली होता. त्यांची पहिली शिकवण अशी: "कोरी जागा सोडू नको, बेटा. कोई बी येतो, मनाला येईल ते घुसाडतो. रेघ मार, मंग सही." वेळ संपल्याची घंटा झाली आणि कागद देता देता अर्जदाराचा हात आपसूक चालला. सातही कोऱ्या जागांवर त्याने उभ्या रेघा मारल्या. सुभेदाराची अदब सात वेळा खोडली गेली. चिनी प्राध्यापकांनी शेरा दिला की हा उमेदवार सुभेदारावर कागदात फेरफार करण्याचा संशय घेतो.

६. कडूबाने कचेरीची पायरी आयुष्यात चढलेली नाही. कोऱ्या जागेला भ्यायचे असते हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. म्हणून त्याच्या जागा कोऱ्या राहिल्या, आणि या अज्ञानाला प्राध्यापकांनी भाषेची उत्तम जाण म्हटले! ज्याने कागदाची राखण केली तो नापसंत, आणि ज्याने दारे सताड उघडी टाकली तो पसंत, हा कोणत्या मुलखाचा न्याय? त्याचा अर्ज मात्र अकरा ओळींचा होता आणि निकालानंतर तो वाचताना अर्जदाराला आपण त्या बांधावर उभे आहोत असे वाटले. हे खोटे कसे लिहावे?

७. सबब विनंती की वजीफा रद्द व्हावा. ते न जमल्यास दोघांची फेरपरीक्षा घ्यावी. तेही न जमल्यास दुसरा वजीफा काढावा. अर्जदार अर्ध्या रकमेतही भागवील. यातले काहीच होणार नाही हे लालमियाँनी आधीच सांगितले आहे, तेव्हा शेवटची विनंती तेवढी कृपा करून पुरती वाचावी.

८. कडूबा गेल्या महिन्यात पुढल्या अभ्यासाला रवाना झाला. अर्जदार स्टेशनावर गेला नाही. गाडी निघून गेल्यावर आईने निरोप सांगितला, "कडूबा म्हणून गेला, बद्रीला म्हणावं लिहायचं सोडू नको." अर्जदाराने कडूबाला अजून पत्र लिहिलेले नाही. तो रोज सकाळी कचेरीआधी चिनीत एक पान मात्र लिहितो. पूर्वी कडूबा त्यावर तांबड्या शाईने खुणा करी आणि दोघांची जेवणाच्या ताटावर भांडणे होत. आताच्या पानांत चुका आहेत हे अर्जदारास पक्के ठाऊक आहे. त्या कुठे आहेत हे सांगू शकेल असा माणूस अवघ्या औरंगाबाद जिल्ह्यात उरलेला नाही.

९. तरी सोबतचे पान हुजुरांच्या कचेरीमार्फत कडूबास पाठवावे. कोणी पाठवले ते कळवू नये. अक्षरावरून तो ओळखील, त्याला इलाज नाही.

हुकमाची वाट पाहणारा, आपला नम्र
बद्रीनाथ माणिकराव अंबेकर
जालना, ता. ९ शहरेवर १३५५ फसली (जुलै १९४६)

सोबत:
१. या अर्जाची उर्दू नक्कल, लालमियाँच्या हातची.
२. चिनी लेखनाचे एक पान, दुरुस्तीसाठी. लवकर परत मिळावे.