हळदीकुंकवाचं बोलावणं

बाई, तुमच्यामागे दवाखाना बघणाऱ्या तुमच्या मुलानं परवा मला वकिलाची नोटीस पाठवली. परळच्या माझ्या नव्या जागेत मी एका आजींचा गुडघा शेकत होते, तेवढ्यात पोस्टमन सही मागत दारात उभा. आजींना तसंच ठेवून मी ती उभ्याउभ्याच वाचली. तुमचा दादरचा फिजिओथेरपीचा दवाखाना सोडल्यावर दोन वर्षं तिथल्या पेशंटना मी स्वतःहून बोलावणार नाही, असं मी लिहून दिलं होतं म्हणे. आणि संक्रांतीला त्यांनाच घरी बोलावून, वाण देऊन फितवलं. आता काम बंद करा, नाहीतर कोर्टात या. पन्नाशीत पहिल्यांदा स्वतःच्या नावाची पाटी लावली आहे मी.

हळदीकुंकू मी शिकले ते तुमच्याकडूनच. रथसप्तमीच्या आत एक दुपार दवाखाना बंद. व्यायामाची खाट भिंतीला सरकवलेली, तिच्यावर तिळगुळाचं ताट, आणि तुम्ही दारात. विधवा बायकांनाही तुम्ही हात धरून आत आणता, स्वतः कुंकू लावता. लालबागच्या एक मावशी रडायलाच लागतात. मी नुकती नोकरीला लागलेली, गुलाबदाणी धरून उभी, आणि मनात म्हणते, माणूस असावं तर असं. त्याच दुपारी मी कुणाला तरी पुढच्या तारखेची आठवण केली, तर तुम्ही मला आत नेऊन झापलंत. आज धंद्याचं बोलायचं नाही, म्हणालात.

नोटीस घेऊन गिरगावात एका वकील मुलीकडे गेले. पेशंट आपणहून आला तर अडचण नाही, ती म्हणाली. दारावरची पाटीही चालते, ती सगळ्या जगासाठी असते. पण नेमक्या त्याच माणसांना, काम मिळावं म्हणून गाठलंत, तर ते कलमात बसतं. मी म्हटलं, हळदीकुंकवात कसला आलाय हेतू? तिनं वाण काय दिलं ते विचारलं. गरम पाण्याच्या पिशव्या, मी सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं. मग मी नेलेला करार माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "ताई, हे अक्षर कोणाचं?"

टाइप केलेल्या कलमापुढे पेनानं लिहिलं होतं, यात हळदीकुंकूही आलं. शेजारी तुमची सही, खाली माझी. मला नोकरीत कायम केलंत त्या दिवशीचा कागद; तुम्ही पुढे केलेला कागद मी कशाला वाचते?

"ज्यांनी स्वतः असे पेशंट आणलेत ना ताई, त्यांनाच हे सुचतं."

मला एकेक आठवू लागलं. तुमच्या पहिल्या हळदीकुंकवाला तुमच्या जुन्या हॉस्पिटलातल्या बायका आल्या होत्या, हे तुम्हीच कौतुकानं सांगायचात. लालबागच्या मावशी तर शेवटपर्यंत आपल्याकडेच येत राहिल्या. बाई, त्यांचा हात तुम्ही कशासाठी धरला होतात? माया आणि धंदा, दोन्हीसाठी असेल, अशी मी स्वतःची समजूत घालते आहे, पण ती काही पटत नाही.

उत्तर काय द्यायचं ते ती मुलगी बघते आहे. काम टिकेल का, हे तिलाही सांगता येत नाही. हे पत्र तर जाणार नाहीच कुठे, म्हणून सांगून टाकते. इतक्या वर्षांत माझ्या कामाला तुम्ही एकदाही चांगलं म्हटलं नाहीत. पेनानं लिहिलेली ती ओळ वाचली तेव्हा कळलं, ही पोरगी एक दिवस आपले पेशंट नेईल, अशी भीती तुम्हाला तेव्हापासूनच होती. खूप रडले मी नंतर. पण त्याआधी, क्षणभर, मला फार बरं वाटलं.