पिवळ्या पुडीचे नाव

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
दारूगोळा भांडार क्र. ३.

विषय : कालकथित हवालदार चिंधा सुरवाडे यांच्या वर्दीवरील पिवळ्या पुडीचे नाव लेखी कळविणेबाबत.
संदर्भ : माझे तीन अर्ज व त्यांवर आलेले आपले एकमेव पत्र, दि. ११ जून २०२४.

महोदय,

१) सन १९७४. त्या वर्षी आपल्या भांडाराचा धोबीखाना बंद झाला आणि वर्द्या घरी धुवायच्या ठरल्या. मोठ्या साहेबांनी आम्हा बायकांना क्वार्टरसमोरच्या मैदानात बोलावले. सतरंजी होती, कपबशीतून चहा मिळाला. मी एकवीस वर्षांची होते. साहेब म्हणाले, "जवानाची वर्दी धुणारी बाईसुद्धा फौजेतलीच असते." तेव्हा माझी छाती फुगली होती, हे लिहिताना आज लाज वाटते.

२) माझे पती जुने तोफगोळे उकलून रिकामे करीत. वर्दीवर बारीक पिवळी पूड येई. साबण लागला की पाणी लाल होई. दहा वर्षे मी ती वर्दी हाताने चोळून धुतली, आणि त्याच घमेल्यात लेकरांची झबली. तळवे पिवळे पडत. शेजारच्या लताबाई माझ्याच एरंडोल गावच्या. त्या हसून म्हणत, "लिलाबाई, तुनी हयद आजून उतरनी नही का वं?" त्यांचेही तळवे तसेच हळदीचे. नळावर आम्ही किती हसलो! ते दिवस चांगले होते असे मी परवापर्यंत सर्वांना सांगत असे.

३) १९८४ साली पती शेवटची ड्युटी करून आले आणि म्हणाले, "हाई आते धुवू नको. एक ऱ्हाऊ दे." आठवण म्हणून ती वर्दी मी तशीच पत्र्याच्या पेटीत ठेवली.

४) माझी नात सपना धुळ्याला दिली आहे. तिचे दोन गर्भ गेले. आता पाचवा महिना आहे. डॉक्टरांनी घराण्यातले आजार विचारले, मी सर्व सांगितले. ते म्हणाले, "आजी, ती पूड कसली होती? नाव कळले तर काय तपासायचे ते ठरवता येईल." मला रंग सांगता आला. नाव आम्हाला कधी कोणी सांगितलेच नाही. डॉक्टरांनी कागदावर 'पिवळी पूड' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले आहे.

५) आपल्या पत्रात लिहिले आहे की अर्जदार कधीही सेवेत नव्हती, सबब तिचा कोणत्याही पदार्थाशी संपर्क येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पुढे लिहिले आहे की वर्दी ही सरकारी मालमत्ता असल्याने ती स्वच्छ धुऊन, इस्त्री करून पंधरा दिवसांत जमा करावी.

महोदय, ती कोणी धुवायची? फौजेतल्या बाईने, की सेवेत नसलेल्या?

६) त्या पाण्याशी ज्यांचा संबंध आला त्यांचे पुढे काय झाले, ते आपल्या नोंदीसाठी देत आहे. पती १९९१ मध्ये यकृताच्या आजाराने गेले. लताबाईंना चाळिशीतच दिसेनासे झाले. शेवटी त्या मला हात चाचपून ओळखत. २००९ साली गेल्या. माझा प्रशील अकरा दिवस जगला. मुलगी प्रज्ञा, म्हणजे सपनाची आई, हिला दर दोन महिन्यांनी जळगावला नेऊन रक्त चढवावे लागते. सपना पलंगावर पडून आहे आणि रोज फोनवर एकच विचारते, "आजी, पत्र आलं का?" मैदानातल्या साहेबांचे काय झाले, ते आपल्याच दप्तरात असेल. माझे तळवे आता पांढरे आहेत.

पुडीचे नाव एका ओळीत लिहून पाठवावे. दुसरे काही मागत नाही. वर्दी मी धुणार नाही. साहेबांचा शब्द पन्नास वर्षांत प्रथमच मोडत आहे.

आजवर स्वतःला आपलीच समजत आलेली,
लिलाबाई चिंधा सुरवाडे
बुद्धविहाराजवळ, एरंडोल, जि. जळगाव
दि. २ जुलै २०२४

सोबत : १) आपल्या पत्राची प्रत. २) डॉक्टरांच्या कागदाची प्रत, प्रश्नचिन्हासह. ३) वर्दीच्या डाव्या बाहीचा तुकडा, न धुतलेला, दोन पिशव्यांत बांधून. उघड्या हाताने धरू नये.