‘लोश्म’ या शब्दाच्या मंजुरीबाबत

चि. भाऊजींस,

वहिनीचे आशीर्वाद. तुमची कंबर सुधारली असेल आणि राग उतरला असेल, असं धरून लिहिते. मी ठणठणीत आहे. तुमच्या दादांना डॉक्टरांनी घरी पाठवलंय. बरे झाले म्हणून नव्हे.

त्यांच्या अंगात आता वाद घालण्यापुरताच जोर उरलाय. तुम्ही दोघा भावांनी लहानपणी मामंजींच्या छापखान्यातल्या जर्मन यंत्राचं माहितीपुस्तक चाळून जी भाषा रचली (जी जर्मन माणसालाही कळत नाही, हे तुम्हीच मला अभिमानाने सांगितलं होतं), तिच्यात मरणाला शब्द नाही. तुम्ही एक सुचवलात, दादांनी ‘आपल्या भाषेत कुणी मरत नाही’ म्हणून फेटाळला, आणि तुम्ही ताटावरून उठून गेलात ते गेलातच. लोक जमिनीवरून भांडतात, ते निदान नकाशावर दाखवता तरी येतं.

तर आता त्यांनी स्वतःच शब्द काढलाय: लोश्म. ‘लोश’ म्हणजे विझणं, आणि शेवटचा ‘म’ तुम्ही झोप, जेवण, आंघोळ अशा घरातल्या रोजच्या गोष्टींना लावता, तोच. (मरण आंघोळीच्या रांगेत नेऊन बसवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.) पण दोघांची संमती असल्याशिवाय शब्द वापरायचा नाही हा तुमचा नियम, आणि तो मोडायला ते तयार नाहीत. परवा डॉक्टर बिचारे त्यांचं मन राखायला ‘लोश्मची काळजी करू नका’ म्हणाले, तर हे नाकात नळी असताना त्यांच्यावर उखडले, की मंजूर न झालेला शब्द तुम्ही वापरलातच कसा. ऑक्सिजनचा सिलिंडर आणणारा तेव्हापासून आमच्या घरात तोंडच उघडत नाही. काल त्यांचे हात गार पडले होते. मी विचारलं, काय होतंय तुम्हाला? म्हणाले, शब्द मंजूर झाला की सांगतो.

तरी संमती दोन ओळींत कळवावी, म्हणजे जीव मोकळा होईल, असं त्यांनी लिहायला सांगितलं आहे.

तुमची,
वहिनी

ता. क. इथवरचं पत्र मी त्यांना कंस गाळून वाचून दाखवलंय.

आणखी एक ता. क. हे वाचून दाखवणार नाही. भाऊजी, संमती पाठवू नका. स्वतः या, उशाशी बसा आणि शब्द फेटाळा. कारण काहीही काढा, पण भांडत राहा. मंजुरीशिवाय ते काही करायचे नाहीत, एवढं मी त्यांना ओळखते.